लेखाचें वेषांतर

गिरणाकांठच्या भडगांवीं जुनें मोडी दप्तर बाळबोधींत उतरविणाऱ्यास ऱ्हस्वदीर्घाचा निर्णय स्वतःच करावा लागतो. मोडींत तो भेद बहुधा पाळलेला नसतो. संगणकावरील लेख एका रचनेंतून दुसरींत नेणें हेंहि त्याच जातीचें काम. त्यासाठीं ‘पॅनडॉक’ हें साधन तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनीं २००६ मध्यें निर्मिलें. आज्ञेची एक ओळ टंकिली, कीं तारकाचिन्हांनीं खुणावलेला साधा मजकूर क्षणांत पुस्तकाचा वेष धारण करितो! साधन प्रथम मथळा, परिच्छेद, यादी असा सांगाडा ओळखतें. मग त्यावर नवें वस्त्र चढवितें. त्या सांगाड्यांत न मावणारीं गुंतागुंतीचीं कोष्टकें विसकटतात, समासाची रुंदी वाटेंतच गळते. मोडीवाचक निदान अडखळतो. यंत्र बहुधा अडखळतहि नाहीं. म्हणून मूळ प्रत टाकूं नये, आणि कोष्टकें तरी तिच्याशीं ताडून पाहावीं.