कर्जाचा भार, मनाचे स्वास्थ्य आणि नादारीचा कायदा

शाळेच्या दप्तरात ‘नादारी’ हा शब्द पूर्वी नेहमी आढळत असे. ज्या विद्यार्थ्याच्या पालकाला शुल्क भरणे शक्य नसे, त्याला नादारी मिळे आणि ती मिळाली म्हणून त्या मुलाकडे कोणी अपराधी म्हणून पाहत नसे. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थही तेवढाच आहे : ज्याच्यापाशी काही नाही तो नादार. परंतु हाच शब्द न्यायालयाच्या कागदावर आला की, त्याला दिवाळखोरीची छटा चिकटते. दिवाळे या शब्दाची उपपत्ती अशी सांगतात की, पेढी बुडालेला व्यापारी भरदिवसा दुकानात दिवा लावून बसे आणि धनको काय ते समजत. कायदा पुष्कळ बदलला. लोकांच्या मनातील तो दिवसाचा दिवा मात्र अद्याप विझलेला नाही.

आवाक्याबाहेरचे कर्ज झालेल्या माणसाने नादारीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा की नाही, हा प्रश्न केवळ वकिलांचा नाही. तो ग्रामपंचायत अधिकाऱ्यापुढे, शिक्षकापुढे व पंचायत सदस्यापुढेही येतो. फक्त तो त्या नावाने येत नाही. एखादा मनुष्य बाजाराच्या दिवशी दिसेनासा होतो. पालकसभेला येत नाही. टपालाने आलेली पाकिटे न उघडता कपाटावर टाकतो. रात्री झोप नाही, जेवणावर वासना नाही, साध्या बोलण्यावर चिडतो किंवा अगदीच बोलत नाही. शेजारी म्हणतात, माणूस आळशी झाला किंवा व्यसनी झाला असावा. वस्तुतः कर्ज आणि मनाचा आजार ही दोन्ही एकाच वेळी त्याच्या घरात शिरलेली असतात आणि कोणते आधी आले हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही.

नैराश्याच्या आजारात लक्ष एकाग्र होत नाही, आकडेमोड जमत नाही, निर्णय लांबणीवर पडतात. निर्णय लांबला की व्याज वाढते आणि व्याज वाढले की नैराश्य वाढते. त्यातूनच कोणत्याही अटीवर मिळेल तेथून नवे कर्ज काढून जुना हप्ता भरण्याकडे मन ओढ घेते. म्हणून अशा माणसापुढे कायद्याचे पुस्तक उघडण्यापूर्वी त्याच्या मनाची विचारपूस झाली पाहिजे. जगणे नकोसे वाटते, असे तो सुचवीत असेल तर ते बोलणे गंभीरपणे घ्यावे, त्याला सरळ शब्दांत विचारावे आणि एकटे सोडू नये. विचारल्याने तो विचार मनात भरतो, हा समज चुकीचा आहे; उलट बोलता आल्याने भार हलका होतो. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात उपचार मिळतात. पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने गृहीत धरले आहे. शिक्षेच्या भीतीने अशा प्रसंगी दवाखाना टाळण्याचे कारण आता उरलेले नाही.

एवढे झाले म्हणजे हिशेबाकडे वळावे. तालुक्याच्या ठिकाणच्या एखाद्या शिंप्याचे उदाहरण घेऊ. तयार कपड्यांमुळे त्याचा धंदा बसला आहे. दोन यंत्रांसाठी पतसंस्थेचे कर्ज आहे व त्याला दोन जामीनदार आहेत. पत्नीच्या नावे बचत गटातून काढलेली रक्कम आहे. सोने गहाण आहे. शिवाय एका खाजगी इसमाकडून ४०,००० रुपये शेकडा ५ रुपये दरमहा व्याजाने घेतलेले आहेत. या एका रकमेचेच व्याज महिन्याला २,००० रुपये होते आणि वीस महिन्यांत ते मुद्दलाइतके होते. शिंप्याला मात्र हे सगळे मिळून ‘डोंगर’ एवढेच ठाऊक असते. त्या डोंगराची उंची किती, हे त्याने कधी मोजलेले नसते.

अशा वेळी गावातील शिक्षकाने त्याच्याशेजारी बसून, पिशवीतील कागद एकेक करून काढून, कोणाचे किती, केव्हाचे, कशाच्या तारणावर, एवढी यादी केली तरी फार मोठे काम होते. ही यादी निरर्थक ठरत नाही. नादारीच्या अर्जात कायदा जे मागतो ते हेच : सर्व धनकोंची नावे व पत्ते, प्रत्येकाची रक्कम आणि आपल्या मालमत्तेचा तपशील व किंमत. आजारी मनाला जे काम सर्वांत जड जाते, तेच कायद्याने पहिल्या पानावर मागावे, ही या व्यवस्थेतील एक उणीवच म्हणावी लागेल.

यादी झाली की, पुष्कळदा नादारीची गरजच नाही, असे दिसून येते. वरील उदाहरणातील खाजगी इसमाकडे सावकारीचा परवाना नसेल तर त्याचा व्यवसायच महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये गुन्हा आहे. त्याबद्दलची तक्रार सहकार विभागाच्या निबंधक कार्यालयाकडे करता येते. परवानाधारक सावकारालाही व्याजापोटी मुद्दलाहून अधिक रक्कम वसूल करता येत नाही. दामदुपटीचा हा जुना नियम नव्या कायद्यानेही राखला आहे. पतसंस्थेशी हप्ते कमी करून मुदत वाढविण्याची बोलणी होऊ शकतात. शेतकऱ्याचे पीककर्ज असेल तर शासनाच्या त्या त्या वेळच्या योजना असतात; २०१७ व २०१९ सालच्या कर्जमाफी योजनांचा लाभ अनेकांना झाला. पण अशा योजना शिंप्याच्या यंत्रापर्यंत किंवा खाजगी देण्यापर्यंत पोहोचत नाहीत, हेही खरे.

हे सर्व करूनही मिळकतीतून देणे फिटण्याची शक्यता दिसत नसेल, तर नादारीचा विचार करावा. कर्जदाराला दिलासा देण्याचा विचार या भूमीला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांची कर्जखते जाळली आणि तो उठाव भोवतालच्या गावांत पसरला. चौकशी होऊन १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्यास त्याने मनाई केली आणि शेतकऱ्यांच्या नादारीसाठी त्यात स्वतंत्र प्रकरण होते. कागद जाळण्याची पाळी येऊ नये म्हणून कागद न्यायालयात आणण्याची ही वाट त्या काळी घालून दिली गेली.

आज मुंबई शहरासाठी १९०९ चा प्रेसिडेन्सी शहरे नादारी अधिनियम व उर्वरित महाराष्ट्रासाठी १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम आहे. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी वेगळा भाग आहे, आणि या दोन्ही जुन्या कायद्यांची जागा तिने घ्यावी असे योजिले होते. तथापि १ डिसेंबर २०१९ पासून तो भाग कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरताच अमलात आणला गेला. त्यामुळे शिंपी, दुकानदार किंवा पगारदार यांना शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्याकडेच जावे लागते. त्यातील आकडेही त्या काळचेच आहेत. देणे ५०० रुपये किंवा अधिक असले आणि ते फेडण्यास कर्जदार असमर्थ असला की, त्याला अर्ज करता येतो. १९२० साली ही रक्कम लहान नव्हती. आता ही अट नसल्यासारखीच आहे.

जिल्ह्यात हा अर्ज जिल्हा न्यायालयाकडे किंवा त्यासाठी अधिकार दिलेल्या दिवाणी न्यायालयाकडे होतो. नादारीचा आदेश झाला की, कर्जदाराची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा त्याने नेमलेल्या प्रापकाच्या ताब्यात जाते व तिचे उत्पन्न धनकोंत प्रमाणाने वाटले जाते. या देण्यासाठी धनकोला न्यायालयाच्या परवानगीवाचून कर्जदारावर स्वतंत्र कारवाई करता येत नाही. दारात उभ्या राहणाऱ्या वसुली माणसाची जागा एक कार्यालय घेते. झोप हरवलेल्या घराला याचे मोल फार असते.

‘सर्व काही जाईल’ ही भीती मात्र बरीचशी निराधार आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार जी मालमत्ता जप्त होऊ शकत नाही ती नादारीतही जात नाही. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावेगळे न करता येणारे अलंकार, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बैल व बियाणे, शेतकरी आणि मजूर यांचे राहते घर यांना त्यात संरक्षण आहे. साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात पगारदाराचे पहिले १,००० रुपये व उरलेल्या पगाराचा दोनतृतीयांश भाग सुरक्षित राहतो. तुरुंगाची भीतीही लोक बाळगतात. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. पुरुषाच्या बाबतीतही, केवळ देण्याची ऐपत नाही म्हणून तुरुंगात टाकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात स्पष्ट केले.

आता दुसरी बाजू. तारण दिलेल्या मालमत्तेवरचा धनकोचा हक्क नादारीने जात नाही. शिंप्याचे गहाण सोने त्यामुळे सुटणार नाही. शासनाचे देणे, फसवणुकीने केलेले देणे आणि पोटगीच्या आदेशाची रक्कम यांतून मुक्ती मिळत नाही. जामीनदारही सुटत नाही. पतसंस्थेच्या कर्जाला सही केलेले दोन शेजारी मागे उरतात आणि वसुली त्यांच्याकडे वळते. अर्ज करण्यापूर्वी त्या दोघांना घरी बोलावून, समोर बसवून सांगावे. गावात माणसाचे तोंड चुकविणे न्यायालयातील सुनावणीपेक्षा अधिक छळते. बचत गटाची रक्कम पत्नीच्या नावे आहे. ती तिचीच राहते, पतीच्या नादारीत विरत नाही.

नादारी टाळण्यासाठी किंवा तिची तयारी म्हणून लोक काही गोष्टी घाबरून करून बसतात. जमीन भावाच्या नावे केली जाते किंवा मेहुण्याचे हातउसने आधी फेडले जातात. अर्जापूर्वी दोन वर्षांच्या आत योग्य मोबदल्यावाचून केलेले हस्तांतरण आणि तीन महिन्यांच्या आत एकाच धनकोला झुकते माप देण्याच्या हेतूने केलेली फेड रद्द होऊ शकते. मालमत्ता लपविणे हा तर शिक्षापात्र अपराध आहे. मनाच्या त्या अवस्थेत नातेवाइकांचा असला सल्ला फार मोहक वाटतो. तेव्हा एखाद्या जाणत्याने थांबविले पाहिजे.

मुक्ततेसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो आणि तो ठरवून दिलेल्या मुदतीत झाला नाही तर सारे निष्फळ होऊ शकते. तोपर्यंत नादाराने आपली स्थिती न सांगता ५० रुपयांचीही उधारी घेतली तर तो गुन्हा होतो. हा आकडाही १९२० चाच. मुक्तता देताना न्यायालय कर्जदाराची वर्तणूक पाहते. जुगार, बेफिकीर सट्टा, उधळपट्टी आढळली तर ते पूर्ण मुक्तता नाकारते. रुपयात आठ आणेही वसूल होणार नसतील तर त्याचे कारण आपल्या हातातले नव्हते, हे कर्जदाराने दाखवावे लागते. येथे आजाराची कागदपत्रे उपयोगी पडतात. उपचाराची चिठ्ठी, रुग्णालयाचे कार्ड, औषधांच्या पावत्या यांची नस्ती पहिल्या दिवसापासून ठेवावी.

पंचायत सदस्यांना ठाऊक असावी अशी आणखी एक तरतूद आहे. नादार ठरलेल्या व्यक्तीला स्थानिक संस्थेच्या पदावर निवडून येता येत नाही किंवा सदस्य म्हणून बसता येत नाही. परंतु ही अपात्रता कायमची नाही. मुक्ततेच्या आदेशाबरोबर, ही नादारी कोणत्याही गैरवर्तनावाचून केवळ दुर्दैवाने ओढवली, असे प्रमाणपत्र न्यायालय देऊ शकते. ते मिळताच अपात्रता संपते. १९२० साली, परकीय राजवटीतही, दुर्दैव आणि गैरवर्तन यांत फरक करण्याची व्यवस्था कायद्यात होती. चावडीवरच्या बोलण्यात मात्र तो फरक अजून क्वचितच केला जातो.

वकिलाचा खर्च कसा करायचा, हा प्रश्न शेवटी राहतो. विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि विहित मर्यादेच्या आतील उत्पन्न असणारे यांना विनामूल्य वकील मिळतो. अर्ज तालुका विधि सेवा समितीकडे किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारातील प्राधिकरणाकडे द्यावयाचा असतो; १५१०० या दूरध्वनी क्रमांकावरही चौकशी करता येते. सोबत ती यादी न्यावी आणि पहिल्या भेटीला कर्जदाराबरोबर घरातील किंवा गावातील कोणीतरी एकाने जावे. वकिलाने सांगितलेल्या तारखा आजारी माणसाच्या लक्षात राहत नाहीत. त्या दुसऱ्याने लिहून घ्याव्यात.