कर्ज काढण्याआधी वाचनालयाची पायरी

(संस्थेच्या सावदा येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तरुणांनी उद्योगाकडे वळावे, या विषयावर बोलण्याची आज्ञा संस्थेने आम्हाला केली. आम्ही कला शाखेचे पदवीधर, पेशाने बँकेतले कारकून. स्वतः कधी धंदा केला नाही. परंतु वीस वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला बसून धंदे उभे राहताना आणि बुडतानाही पाहिले. त्यामुळे नुसते 'उद्योगाकडे वळा' असे सांगायला आमची जीभ रेटत नाही. वळण्याआधी काय वाचावे आणि कुठे शोधावे, एवढेच आज सांगणार आहोत.

काही वर्षांपूर्वी आपल्याच वस्तीतला एक मुलगा केळी वेफरच्या कारखान्यासाठी कर्जप्रकरण घेऊन आला. प्रकल्प अहवाल सुंदर टाईप केलेला, एका एजंटाकडून पैसे मोजून आणलेला. आम्ही चाळला, तर आत एके ठिकाणी गाव भलत्याच तालुक्यातले आणि कच्चा माल म्हणून चक्क बटाटा! आम्ही बोट ठेवून दाखवले. "काका, खोडून दुरुस्त केलं तर चालेल ना?" त्याने विचारले. आम्ही मान हलवली. त्याने बटाटा खोडून केळी लिहिले, आणि आम्ही फाईल पुढच्या टेबलावर सरकवली.

दीड वर्षात कारखाना बंद पडला. अहवालात वर्षभर एकच भाव धरला होता. सावद्यात राहून केळीचा भाव वर्षभर एकच धरणारा माणूस शोधून सापडणार नाही, पण कागदावर तो धरला गेला होता. भाव चढला तेव्हा माल परवडेना. फैजपूरच्या रस्त्यावर वेफर विकणारे आधीच इतके, की दर वाढवता येईना. शेवटचे हप्ते आईच्या कानातले मोडून भरले. ती पावती आम्हीच फाडली. बंधूंनो, तो मुलगा आळशी नव्हता. त्याला माहिती नव्हती, आणि ज्याला खोट दिसली होती तो आमच्यासारखा माणूस गप्प बसला.

व्यापाऱ्याच्या घरातला मुलगा जेवताना बापाच्या तोंडून भाव ऐकतो. कांदेबागेचा माल केव्हा येतो, उत्तरेकडे मागणी केव्हा पडते, उधारी कुणाला द्यावी, हे त्याला शाळेत जाण्याआधी ठाऊक होते. सावदा स्टेशनावरून केळीच्या वाघिणी दिल्लीकडे जात होत्या, तेव्हा आपले वाडवडील घड वाहत होते. हिशेबाची वही दुसऱ्याच्या हातात होती. धंद्याची माहिती ही वारसाहक्काने मिळणारी इस्टेट आहे. ज्याला तो वारसा नाही, त्याच्यासाठी सार्वजनिक वाचनालय आहे आणि आता इंटरनेट आहे.

बाबासाहेबांचे एक उदाहरण आपल्यात क्वचितच सांगितले जाते. १९१७ साली परदेशातून परतल्यावर, १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होण्याआधी, त्यांनी मुंबईत शेअर-रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. तेव्हा अभ्यासाने प्रत्येक दार उघडते, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र त्यांचा व्यवसाय समाजाच्या विटाळामुळे थांबला, अज्ञानामुळे नव्हे. पुढे १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तो लंडनच्या ग्रंथालयांत सरकारी अहवाल आणि आकडे उपसून लिहिलेला. समाजाचा अडथळा आपल्या एकट्याच्या हातात नाही. अज्ञानाचा अडथळा दूर करणे आपल्या हातात आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचे? प्रथम कोऱ्या वहीत पाच प्रश्न लिहा. काय विकणार? कुणाला? कच्चा माल कुठून आणि वर्षभर कोणत्या भावाने? हाच धंदा जवळपास किती जण करतात? तीन महिने विक्री झाली नाही तर हप्ता कशातून भरणार?

मग ती वही घेऊन वाचनालयात जा. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. मान्यताप्राप्त वाचनालयाला मिळणारे अनुदान तुमच्या-आमच्या करातून जाते, म्हणून संकोच नको. ग्रंथपालांना सांगून वर्तमानपत्रांचे जुने अंक मागा आणि बाजारभावाचे रकाने महिनावार उतरवून घ्या. 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' हे सरकारी प्रकाशन विचारा. त्यात जिल्ह्यातील शेती, उद्योग, बँका यांचे आकडे असतात. गावात मिळाले नाही तर जळगावच्या व. वा. जिल्हा वाचनालयात चौकशी करा.

तिसरी पायरी इंटरनेटची. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे, पण त्याचा उपयोग बहुधा करमणुकीपुरता. केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेट या संकेतस्थळावर बाजार समित्यांतील आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण भाव पाहता येतात. अहवालात कमाल भावाने विक्री आणि किमान भावाने खरेदी कधीही धरू नका. बुडणाऱ्या बहुतेक अहवालांत आम्ही हेच पाहिले. खादी ग्रामोद्योग आयोगाच्या संकेतस्थळावर निरनिराळ्या उद्योगांचे नमुना अहवाल फुकट आहेत. ते समजून घेण्यासाठी आहेत, उतरवून काढण्यासाठी नव्हेत. तिरुचिरापल्लीला १९९३ पासून केळीचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. केळीच्या पिठापासून खोडाच्या धाग्यापर्यंत पदार्थांची माहिती तिथून मिळते. सगळ्यांनी वेफरच का तळावेत?

दोन गोष्टी बँकेतला माणूस म्हणून सांगतो. उद्यम नोंदणी २०२० पासून सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. तिच्यासाठी पैसे मागणारी, हुबेहूब सरकारी दिसणारी संकेतस्थळे असतात. म्हणून पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का, ते पाहा. दुसरे, अनुदान म्हणजे हातात पडणारी रोकड नव्हे. २००८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुसूचित जातीच्या ग्रामीण अर्जदाराला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदानाची तरतूद केली गेली. परंतु ती रक्कम तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून अडकून राहते आणि उद्योग चालू असेल तरच कर्जात वळती होते. हे न वाचता अनुदानाच्या भरवशावर घर रंगवणारे आम्ही पाहिले आहेत. आजची मुदत आणि अटी प्रत्येकाने स्वतः वाचाव्यात, एजंटाच्या तोंडून ऐकू नयेत.

शेवटची पायरी स्वतःच्या डोळ्यांची. छापलेला आकडा जुना असू शकतो, मोबाईलवरचा खोटा असू शकतो. तारीख पाहा, दोन ठिकाणी पडताळा, मग बाजारात उभे राहा. किती कच्च्या केळींतून किती वेफर निघतात, हे आधी घरच्या कढईत करून वजन करा. तथागतांनी कालामांना सांगितले होते, की केवळ ऐकीव आहे म्हणून स्वीकारू नका. धंद्यालाही तो उपदेश लागू आहे.

संस्थेला आमची एक विनंती आहे. विहारात एक कपाट आणि एक संगणक ठेवावा. दर रविवारी सायंकाळी दोन तास आम्ही तिथे बसू. ज्याला कर्ज काढायचे असेल त्याने अर्ज बँकेत नेण्याआधी वही घेऊन यावे. यापुढे कुणी बटाटा खोडून केळी लिहू लागला, तर आम्ही मान हलवणार नाही. त्याला शेजारी बसवून पहिल्या पानापासून हिशेब मांडायला लावू.