पोलादांतील मँगनीज कोठें बसतें?

रामटेकच्या गडाचें नांव निघालें कीं कालिदासाच्या यक्षाची आठवण होते; तेथून दोन कोसांवरील मनसरच्या खाणींची सहसा कोणास होत नाहीं. त्यांतून मँगनीज निघतें आणि बहुतेक पोलादास तें लागतें. परंतु पोलादांत गेल्यावर त्याचे परमाणु नेमके कोठें बसतात, हें फार दिवस कळत नव्हतें.

१९५५ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनियांत प्राध्यापक एर्विन म्यूलर व त्यांचे भारतीय विद्यार्थी कंवर बहादूर यांस टंगस्टनच्या सुईच्या टोंकावर सुटे परमाणु दिसले. पुढें १९६७ च्या सुमारास म्यूलर यांनीं ते परमाणु विद्युद्दाबानें एकएक उपटून, त्यांस प्रवासास लागणाऱ्या वेळावरून त्यांची जात ओळखण्याची युक्ति काढली. आज एका सुईंतील लक्षावधि परमाणूंच्या जागा व जाती गणकयंत्रांत उतरतात.

येथून विद्यार्थ्याचें काम सुरू होतें, आणि फसगतहि. लोखंडांत मँगनीज शेंकडा ९ आहे असें धरा व १०० परमाणूंचा एक असे ठोकळे पाडा. प्रत्येकांत बरोबर ९ सांपडतील काय? मुळींच नाहीं. परमाणु केवळ यदृच्छेनें विखुरले असले तरीहि बहुतेक ठोकळ्यांत ६ ते १२ निघतील, आणि हजारांतील तीसेक ठोकळ्यांत १५ किंवा अधिक! ते तीस रंगीत चित्रांत पाहिले म्हणजे कोणीहि 'पुंजके, पुंजके' म्हणून ओरडेल. ढगांत हत्तीघोडे पाहणारा डोळा तो! त्यांतून यंत्रास सगळेच परमाणु सांपडत नाहींत, पुष्कळसे निसटतात.

म्हणून विद्यार्थी जागा तशाच ठेवून जातींच्या चिठ्ठ्या गणकयंत्राकडून पुनः पुनः पिसून घेतो. हजारदां पिसूनहि जितके दाट पुंजके पडत नाहींत, तितके मूळ मोजणींत असले तरच ते मानावयाचे. पुंजका कशास म्हणावें हें मात्र आधीं ठरवावें लागतें. आंकडे पाहून मग व्याख्या बदलणें म्हणजे पुस्तकामागचें उत्तर पाहून रीत मांडणें. पदवीच्या घाईंत हा मोह थोडा नसतो.

२०१५ सालीं जर्मनींतील ड्यूसेलडॉर्फच्या संशोधकांनीं शेंकडा ९ मँगनीज असलेल्या लोखंडाची अशी मोजणी प्रसिद्ध केली. स्फटिकांतील परमाणूंची रांग जेथें चुकलेली असते, त्या रेषांलगत मँगनीज साठलेलें आढळलें. त्यांनीं केवळ आंकड्यांवर विसंबून हें म्हटलें नाहीं. तीच सुई इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून रेषा टिपलेल्या होत्या. दोन्ही चित्रें एकमेकांवर ठेवलीं, तीं जुळलीं.