पेशीपासून रुग्णशय्येपर्यंत : पवईतील जैवअभियांत्रिकी संशोधन

सजीवांच्या शरीरातील घडामोडी बल, प्रवाह, प्रकाश आणि रसायन यांच्या मोजता येणाऱ्या नियमांनी समजून घेणे, आणि त्या आकलनातून निदानाची वा उपचाराची साधने घडवणे, हे जैवअभियांत्रिकीचे कार्यक्षेत्र होय. मुंबईत पवई येथील आयआयटीच्या जीवविज्ञान व जैवअभियांत्रिकी विभागातील प्राध्यापकांचे संशोधनविषय पाहिले, तर कोणी एका प्रथिनाच्या आकाराचा अभ्यास करतो, कोणी पेशीच्या हालचालीचा, कोणी काचतंतूतील प्रकाशाचा, तर कोणी कर्करोगावरील उपचाराचा. वरवर विखुरलेले दिसणारे हे विषय रेणू, पेशी, उपकरण आणि रुग्ण अशा क्रमाने मांडले, की ते एकाच प्रयत्नाचे टप्पे असल्याचे ध्यानात येते.

यांपैकी पहिला टप्पा रेणूचा आहे. प्रथिन ही अमिनो आम्लांची साखळी असून बहुधा तिची घडी योग्य पडली तरच ती आपले काम करते; मात्र काही प्रथिनांची घडी बिघडते, ती एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे न विरघळणारे तंतू तयार होतात, ज्यांना अमिलॉइड म्हणतात. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनच्या विकारात, मेंदूच्या पेशींमध्ये अल्फा-सिन्युक्लिन या 140 अमिनो आम्लांच्या प्रथिनाचे असे साठे सापडतात. समीर माजी यांच्या गटाने 2020 मध्ये दाखवून दिले की, हे प्रथिन तंतुरूप होण्यापूर्वी द्रवरूप थेंबांत एकत्र येऊ शकते, आणि कालांतराने ते थेंब घट्ट होत जाऊन त्यांतून तंतू निर्माण होतात. या निष्कर्षाचे महत्त्व असे की, तंतू बनल्यानंतर तो मोडण्यापेक्षा थेंबाच्या अवस्थेतच प्रक्रिया रोखता येईल का, हा प्रश्न औषधशोधासाठी खुला झाला.

दुसरा टप्पा पेशीचा. पेशीला केवळ रासायनिक संदेश कळतात असा समज दीर्घकाळ होता; परंतु पेशी ज्या पृष्ठभागाला चिकटते तो किती मऊ वा कठीण आहे, हेही तिला स्वतः ओढ देऊन जाणवते, आणि त्यानुसार तिचे वागणे बदलते. या विषयाला यांत्रिक जीवशास्त्र असे नाव आहे. अमेरिकेत 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मूळपेशी वेगवेगळ्या कठीणपणाच्या जेलवर वाढवल्या असता, मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशींकडे, स्नायूइतक्या ताठ जेलवर स्नायुपेशींकडे आणि त्याहून कठीण जेलवर अस्थिपेशींकडे झुकल्याचे दिसले. त्या संशोधकांपैकी एक असलेले शामिक सेन पुढे पवईत अध्यापन करू लागले, आणि कर्करोगाच्या पेशी भोवतीच्या ऊतींमधून वाट कशी काढतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला.

तिसऱ्या टप्प्यावर आकलनाचे उपकरणात रूपांतर होते. सौम्यो मुखर्जी यांच्या गटाने इंग्रजी ‘यू’ अक्षरासारख्या वाकवलेल्या प्रकाशतंतूवर आधारित जैवसंवेदक विकसित केले. वाकलेल्या जागी प्रकाशाचा अंश तंतूच्या पृष्ठभागालगत पसरतो, आणि तेथे बसवलेल्या प्रतिपिंडाला शोधावयाचा रेणू चिकटला, की बाहेर पडणाऱ्या प्रकाशात मोजता येणारा फरक पडतो. रोहित श्रीवास्तव यांचा भर रुग्णाजवळच, मोठ्या प्रयोगशाळेविना, तपासणी करता येईल अशा स्वस्त साधनांवर आणि अतिसूक्ष्म कणांच्या वैद्यकीय उपयोगावर आहे.

हे सर्व टप्पे जोडले जाऊन संशोधन रुग्णापर्यंत पोहोचल्याचे ठळक उदाहरण म्हणजे राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आलेला कार-टी पेशी उपचार. टी पेशी या शरीराच्या संरक्षणव्यवस्थेतील पांढऱ्या पेशी असून, कर्करोगाची पेशी त्यांच्या नजरेतून निसटू शकते. या उपचारात रुग्णाच्या रक्तातून टी पेशी वेगळ्या काढतात, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांत एका कृत्रिम ग्राहक प्रथिनाचे जनुक बसवतात, अशा पेशी प्रयोगशाळेत वाढवतात आणि पुन्हा त्याच रुग्णाला देतात. हा ग्राहक बी पेशींवरील सीडी-19 नावाची खूण ओळखतो. त्यामुळे बी पेशींपासून उद्भवणाऱ्या काही रक्तकर्करोगांवर हा मारा अचूक बसतो. ग्राहकाचा खूण ओळखणारा भाग अनेक परदेशी उपचारांत उंदराच्या प्रतिपिंडातून घेतलेला असतो; येथे तो मानवी प्रतिपिंडाशी मिळताजुळता करून घेण्यात आला.

मात्र प्रयोगशाळेतील यश आणि उपचार यांच्यामध्ये रुग्णालय उभे असते. टाटा मेमोरियल केंद्राच्या डॉक्टरांच्या सहकार्याने खारघर येथे 4 जून 2021 रोजी पहिल्या रुग्णाला या पेशी देण्यात आल्या. ऑक्टोबर 2023 मध्ये या उपचाराला देशाच्या औषध नियामकाची मान्यता मिळाली, आणि 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तो पवईत देशाला अर्पण झाला. परदेशात कोट्यवधी रुपये लागणारा हा उपचार सुमारे एक-दशांश खर्चात उपलब्ध झाला. तरीही तो सामान्य कुटुंबाला अजून सहज परवडणारा नाही.

संशोधक आणि चिकित्सक यांची हीच सांगड उपकरणांच्या क्षेत्रातही आवश्यक असते. पवईतील यंत्र अभियांत्रिकीचे तत्कालीन प्राध्यापक बी. रवी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या, आणि पुण्याच्या सीओईपी व नागपूरच्या व्हीएनआयटीपर्यंत विस्तारलेल्या ‘बेटिक’ या वैद्यकीय उपकरण केंद्राचे कामही, गरज डॉक्टरांनी सांगावी आणि रचना अभियंत्यांनी करावी, याच तत्त्वावर चालते. म्हणून प्राध्यापकाचा संशोधनविषय किती नवा आहे याबरोबरच, त्याच्या प्रयोगशाळेचे दार कोणत्या रुग्णालयाकडे उघडते, हेही पाहिले पाहिजे. महाराष्ट्रात वैद्यकीय महाविद्यालये पुष्कळ आहेत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयेही पुष्कळ आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या वर्गांत आणि वॉर्डांत नियमितपणे जावे, अशी सोय विद्यापीठांनी आता करावयास हवी.