चित्रांतला वाघ



आजचा विषय ऐकून कांहीं जणांना हंसूं येण्याचा संभव आहे. लहान मुलांसाठीं काढलेल्या हलत्या चित्रांच्या ज्या अद्भुत मालिका पूर्वी दूरदर्शनवर ठराविक वेळीं लागत आणि आतां मोबाईलवर वाटेल त्या वेळीं पाहावयास मिळतात, ज्यांना खेड्यापाड्यांतून सर्रास कार्टून म्हणतात, त्यांतील भीतिदायक प्रसंगांविषयीं मी बोलणार आहें. ज्या घरांत पांच-सहा वर्षांचें मूल रात्रीं दचकून उठलें आणि आईच्या गळ्याला बिलगलें, त्या घराला मात्र हा विषय पोरकट वाटावयाचा नाहीं. असे आईबाप मला केमच्या बाजारांत गांठतात, उत्तरेश्वराच्या देवळांत गांठतात, आणि विचारतात, "गुरुजी, हें पोराला पाहूं द्यावें कीं बंद करावें?" माझी शाळेची नोकरी सुटून वर्षें लोटलीं, हा प्रश्न कांहीं सुटला नाहीं.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मुलांना भिवविण्याची कला कार्टूनवाल्यांनीं शोधून काढलेली नाहीं. आपल्या आज्यांनीं सांगितलेल्या गोष्टी आठवून पाहा. लेकीच्या घरीं निघालेल्या म्हातारीला वाटेंत वाघ अडवतो तो खाण्यासाठींच. चिमणीच्या दारांत थंडीनें कुडकुडत आलेला कावळा ऊब घेण्यासाठीं तापल्या तव्यावर बसतो आणि भाजतो. हा प्रकार एखाद्या परदेशी चित्रांत असता तर आपण केवढा गिल्ला केला असता! पण पिढ्यान् पिढ्या मुलें ह्या गोष्टी ऐकून झोपीं गेलीं आहेत, जागीं राहिलेलीं नाहींत. गोष्टीखेरीज प्रत्यक्षांतलीं भयेंही होतींच. गल्लींत पोतराज आला, त्याच्या आसुडाचा फटका वाजला, कीं आमच्या वेळचीं पोरें घरांत धूम ठोकीत. आई एका हातानें पोराला कडेवर घेई, दुसऱ्या हातानें सुपांतलें धान्य त्याच्या झोळींत घाली, आणि पोतराज पुढच्या दाराला जाई. पोर आईच्या खांद्यावरून त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत पाहत राही. तो आला, त्यानें भिवविलें, आणि तो गेला, हे तिन्ही भाग पोराच्या डोळ्यांदेखत पार पडत. हा तिसरा भाग श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा, कारण माझें बहुतेक म्हणणें त्याविषयींच आहे.

आपल्या देशांत चित्रपटाचा पाया घालणारे दादासाहेब फाळके ह्यांना ही गोष्ट चांगली ठाऊक असावी. १९१९ सालीं त्यांनीं 'कालिया मर्दन' काढला. कृष्णाचें काम त्यांच्या लहानग्या कन्येनें, मंदाकिनीनें केलें होतें. पाण्याखालीं नागाशीं तिची झुंज आहे, आणि ती त्या काळच्या बालप्रेक्षकांना खचित भयंकर वाटली असेल. परंतु चित्रपटाच्या आरंभीं फाळक्यांनीं काय दाखविलें आहे? त्या मुलीचा नुसता चेहरा, आणि त्यावर एकामागून एक उमटणारे भाव. हा कृष्ण म्हणजे तुमच्यासारखीच एक पोर आहे, हें आधीं सांगून मग त्यांनीं नाग पुढें आणला.

आतां खुद्द कार्टूनकडे वळूं. आमच्या भागांतल्या मुलांनीं एकत्र बसून पाहिलेली, आणि एकत्र बसून भ्यालेली अशी पहिली मालिका म्हणजे 'जंगल बुक'. मूळ मालिका जपानांत तयार झालेली, १९८९-९० मधली, बावन्न भागांची. हिंदी रूप घेऊन ती १९९३ च्या सुमारास दर रविवारीं सकाळीं दूरदर्शनवर लागूं लागली. तिच्या शीर्षकगीताचे शब्द गुलजारांचे. कथा किप्लिंगच्या १८९४ सालच्या पुस्तकावरून घेतलेली. हा किप्लिंग मुंबईंत जन्मलेला, आणि त्याच्या गोष्टींतलें अरण्य सिवनीचें. मोगली ज्या वैनगंगेंत डुंबतो, तीच नदी पुढें आपल्या भंडारा, गडचिरोली जिल्ह्यांतून वाहते. म्हणजे जपानी चित्रकारांनीं काढलेला तो वाघ एका परीनें आपल्या शेजारचाच होता. आणि त्याचा आवाज तर पुरता आपला. शेरखानाचे संवाद श्री. नाना पाटेकर ह्यांनीं म्हटले होते. तो आवाज ज्यांनीं ऐकला आहे त्यांना वर्णनाची गरज नाहीं. पुढें २०१६ सालीं ह्याच कथेवर नवा परदेशी चित्रपट आला, तेव्हां हिंदींतल्या शेरखानासाठीं पुन्हां पाटेकरांनाच बोलावण्यांत आलें.

त्या काळीं आमच्या आळींत एका घरीं संच होता. रविवारीं त्या घराच्या सोप्यावर वीस-पंचवीस पोरें दाटीवाटीनें बसत. एकदां सोमवारीं वर्गांत मीं दुसरीतल्या एका मुलीला विचारलें, "वाघ आला म्हणजे तूं काय करतेस ग?" ती म्हणाली, "डोळे मिटतें." "मग गोष्ट कशी कळते?" "शेजारीं ताई असते, तिला विचारतें, गेला का?"

गेला का! मुलांच्या भयाविषयीं मीं जें कांहीं शिकलों तें ह्या दोन शब्दांत आलें. त्या मुलीला वाघ नको होता असें नाहीं; वाघ नसता तर ती रविवारीं तेथें जाऊन बसलीच नसती. तिला हवें होतें तें एवढेंच, कीं विचारल्यावर उत्तर देणारें कोणी तरी शेजारीं असावें, आणि वाघ केव्हां तरी जावा.

किप्लिंगच्या पुस्तकांत कां नांवाच्या अजगराचा एक प्रसंग आहे. पडक्या नगरींत तो चांदण्यांत वेटोळीं घालीत, लयींत डोलूं लागतो आणि त्या डोलण्यानें भारलेलीं माकडें एकेक पाऊल टाकीत आपण होऊन त्याच्या तोंडाकडे सरकतात. ह्याहून अंगावर कांटा आणणारा प्रसंग मुलांच्या वाङ्मयांत मला आढळला नाहीं. पाहतां पाहतां बल्लू अस्वल आणि बघीरा हे मोगलीचे पाठीराखेही माकडांबरोबर पुढें सरकूं लागतात. तेव्हां मोगली त्यांच्या खांद्यांवर हात ठेवतो, आणि दोघे स्वप्नांतून जागे व्हावे तसे भानावर येतात. बघीरा तर त्याला हात तसाच ठेव म्हणून विनवितो. एवढा बलाढ्य काळा बिबट्या, पण त्यालाही खांद्यावर हात लागला!

ह्या हाताची गरज साहेबांच्या देशांतल्या परीक्षकांनाही वाटली होती. डिस्नेचा 'स्नो व्हाइट' हा १९३७ सालचा चित्रपट. त्यांत राणीची चेटकीण होते, झाडांना हात आणि डोळे फुटतात. १९३८ मध्यें इंग्लंडांतल्या परीक्षक मंडळानें त्याला असा दाखला दिला, कीं लहान मुलांनीं तो वडील माणसाबरोबरच पाहावा. लोकांनीं त्याची थट्टा केली. मला मात्र ती अट मोठी शहाणपणाची वाटते.  एकट्यानें पाहूं नका, असें ती सांगत होती.

येथें एक खुलासा. १६ डिसेंबर १९९७ रोजीं जपानांत 'पोकेमॉन' मालिकेचा एक भाग पाहून सहाशेंहून अधिक प्रेक्षकांना, बहुतेक मुलांना, इस्पितळांत न्यावें लागलें. ह्याचा दाखला कार्टूनच्या विरोधकांकडून वारंवार दिला जातो. पण तो भीतीचा प्रकार नव्हता. तांबडा आणि निळा प्रकाश अतिशय वेगानें आळीपाळीनें लकाकला, त्यानें मेंदूवर ताण येऊन कित्येकांना झटके आले. तो दोष प्रकाशाचा. कथेच्या माथीं मारूं नये.

मग कथेंतलें काय मुलांच्या मनांत खोल जातें? माझा अनुभव असा, कीं राक्षस जात नाहीं. हैदराबादेंत तयार होणाऱ्या आणि २००८ पासून चाललेल्या 'छोटा भीम' मालिकेंत राक्षसांना तोटा नाहीं. भीमानें लाडू खाल्ला, राक्षस आपटला, पोरें जेवायला उठलीं. परंतु ताटातूट मुलें विसरत नाहींत. किप्लिंगचा मोगली अरण्य सोडून निघतो तेव्हां जन्मांत प्रथमच रडतो. आंत कांहीं तरी दुखतें आहे, आपण मरतों आहों कीं काय, असें तो बघीराला विचारतो. वाघाला न भ्यालेला हा पोर स्वतःच्या अश्रूंना भितो. ज्या चित्रांत आई हरवते आणि परत येत नाहीं, तें चित्र पाहून मूल घुमें होतें, जेवत नाहीं. आईबाप मात्र त्या दिवशीं टीव्हीवर राक्षस कोणता होता, ह्याचा शोध करीत बसतात.

आमच्या तालुक्यावर एकदां असा प्रसंग आला कीं चित्रांतलें भय आणि खरें भय शेजारीं शेजारीं उभें राहिलें. डिसेंबर २०२० मध्यें करमाळा तालुक्यांत एका बिबट्यानें तीन माणसांचा बळी घेतला. त्यांत ऊसतोड मजुराची एक लहान मुलगी होती. १८ डिसेंबरला तो वांगीच्या बाजूला गोळी घालून मारला गेला, तोंपर्यंत रात्रीं उसाला पाणी द्यावयास माणूस धजत नव्हतें. त्याच वेळीं करोनाच्या सांथीमुळें लहान मुलांच्या शाळा बंद होत्या, धडे मोबाईलवर येत, आणि धड्याच्या पाठीमागून कार्टूनही येत. दारें लावलेल्या घरांत पोरें तासन् तास तीं चित्रें पाहत. वाघ-बिबटे असलेलीं कार्टून बंद करा, पोरें आधींच भ्यालीं आहेत, असें कित्येक जाणतीं माणसें म्हणूं लागलीं. मीं शेजारच्या सात वर्षांच्या मुलाला विचारलें, "तुला ह्या चित्रांतल्या वाघाची भीति नाहीं वाटत?" तो म्हणाला, "मोबाईलमधला मोबाईलमध्येंच राहतो, गुरुजी. उसांतला बाहेर येतो."

मुलांना हा भेद कळतो. पुसून टाकतों ते आपण. त्याच दिवसांत मीं एका घरीं ऐकलें, "गप जेव, न्हाईतर बिबट्याला बोलावीन." ज्या तालुक्यांत एक पोर खरोखरच बिबट्यानें नेलेलें होतें, तेथें हें बोलणें! एरवीं शेरखानाचें, छोट्या भीमाच्या राक्षसाचें नांव घेऊन पोरांना झोपविणारीं घरें पुष्कळ आहेत. चित्रकारानें त्या प्राण्याला चौकटींत कोंडून ठेविलें. आपण त्याला बाहेर काढून पोराच्या पाटाशेजारीं बसवितों, आणि वर मालिकेला दोष देतों. मला ह्या बाबतींत आईबापांची गय करावीशी वाटत नाहीं.

मोबाईलचा दोष मात्र निराळा आणि खरा आहे. मालिकेचा एक भाग म्हटला म्हणजे त्याला शेवट असे, आणि पुढच्या रविवारची वाट असे. मोबाईलवर त्याचे तुकडे येतात. वाघानें झेप घेतली कीं तुकडा संपला, आणि आपोआप दुसरेंच कांहीं सुरू झालें. वाघ गेला का, हें त्या मुलाला कधींच कळत नाहीं. त्यांतून कांहीं लबाड लोकांनीं मुलांच्या आवडत्या चित्रांचीं सोंगें घेऊन घाणेरडे आणि क्रूर प्रकार त्यांत घुसडले. २०१७ सालीं त्याचा जगभर बोभाटा झाला आणि यूट्यूबनें तसल्या पुष्कळ फिती काढून टाकल्या. बाहेरून चित्र ओळखीचें, आंत भलतेंच. अशा ठिकाणीं दुसऱ्या खोलींत बसलेल्या वडील माणसाला पत्ताही लागत नाहीं. ह्या चित्रांना मात्र माझा सरळ विरोध आहे. तीं दिसतांक्षणीं बंद करावींत.

हें सारें मीं आमच्या गांवांतल्या एका बाईंना सांगितलें. केमचें कुंकू दूरवर जातें हें आपण ऐकलें असेल. ह्या बाई घरीं कुंकवाच्या पुड्या भरण्याचें काम करतात. त्या म्हणाल्या, "गुरुजी, पोरापाशीं बसायला येळ कुणाला हाय? दिवस उजाडल्यापासनं हात लाल." तक्रार खोटी नव्हती. मोबाईल पोराच्या हातीं देण्यांत त्यांची हौस नसून अडचण होती. मीं सांगितलें, बसूं नका. पण कानांत घालावयाचें तें यंत्र त्याला देऊं नका, आवाज मोठा ठेवा, आणि तुम्ही काम करतां तेथून हांक ऐकूं येईल इतक्या अंतरावर त्याला बसवा. तुकड्यांऐवजीं एखादी संपूर्ण गोष्ट लावून द्या. तो विचारील, त्याला उत्तर द्या.

महिन्यानें त्या भेटल्या तेव्हां हंसत होत्या. पोर आंतून विचारतो, "आई, गेला का?" आणि त्या हात न थांबवितां "गेला, गेला" म्हणतात. एकदां त्यांनीं असें न पाहतांच सांगितलें, तेव्हां आंतून चिरंजीवांनीं कळविलें, "न्हाई गेला अजून, दाराआड हाय. पण तूं भिऊं नको, काम कर."