आलेख आणि टोकन

पूर्णा जंक्शनहून नांदेडकडे निघालेली गाडी वाटेंत चुडावा या लहानशा स्टेशनावरून जाते. परभणी-मुदखेड मार्गाचें दुहेरीकरण २०२० च्या सुमारास पुरें झालें. तत्पूर्वीं येथें दोहों दिशांच्या गाड्यांना मार्ग एकच होता. एकेरी मार्गावर दोन गोष्टींवांचून चालत नाहीं. कोणती गाडी कोठें आहे हें एका दृष्टिक्षेपांत दाखविणारें चित्र पाहिजे. आणि या क्षणीं मार्ग कोणाच्या ताब्यांत आहे याविषयीं तिळमात्र संशय राहूं नये अशी व्यवस्था पाहिजे. संगणकाच्या पडद्यावर बदलते आंकडे दाखविणारांनाहि नेमक्या याच दोन गोष्टी लागतात. वेबपानें ज्या भाषेनें हालतीं-बोलतीं होतात त्या जावास्क्रिप्टमध्यें दोहोंसाठीं तयार साधनसंच आहेत. त्यांस लायब्रऱ्या म्हणतात. त्यांतील कोणती केव्हां घ्यावी, याचा विचार रेल्वेच्या दाखल्यानें सुलभ होतो.

प्रथम चित्राचा विचार. फ्रेंच शास्त्रज्ञ मारे यानें १८७८ सालीं आपल्या ग्रंथांत पॅरिस ते लिओं या मार्गावरील गाड्यांचा एक आलेख छापला. आडव्या आंखावर वेळ, उभ्या आंखावर स्टेशनें, आणि प्रत्येक गाडीची एक तिरपी रेघ. रेघ जितकी उभी तितकी गाडी वेगवान; रेघ आडवी झाली कीं गाडी थांबलेली; दोन रेघा छेदतात तेथें गाड्यांची गांठ. एकेरी मार्गावर हा छेद स्टेशनावरच पडला पाहिजे. तो अन्यत्र पडला तर चूक तत्काळ डोळ्यांत भरते. वेळापत्रकाच्या रकान्यांतून हीच चूक शोधूं गेल्यास कित्येक वेळ खर्चावा लागेल.

आलेखाच्या लायब्रऱ्यांत दोन टोकें आहेत. चार्ट-जेएस ही २०१३ सालची लायब्ररी म्हणजे तयार कपड्यांचें दुकान होय. स्तंभ, रेघा, वर्तुळाचे भाग हे नेहमींचे प्रकार थोडक्या मजकुरांत मिळतात. स्टॅनफर्ड विद्यापीठांत माइक बोस्टॉक व त्याचे सहकारी यांनीं २०११ मध्यें प्रसिद्ध केलेली डी-थ्री ही मात्र कात्री, टेप व कापड हातीं देते. आलेख ज्याचा त्यानें शिवावयाचा. मारेच्या गाड्यांसारखें अपूर्व चित्र तिच्यांत मनाजोगें साधतें, पण शिकण्यास कष्ट पडतात. चीनमधील बायडू कंपनींत जन्मलेली व पुढें अपाचे प्रतिष्ठानाकडे गेलेली ई-चार्ट्स तयार प्रकारांचा मोठा सांठा पुरविते. तिचें ओझेंहि त्या मानानें अधिक असतें.

चित्र पडद्यावर कसें उमटतें यांतहि भेद आहे. कॅनव्हास पद्धतींत तें फळ्यावर रंगविल्यासारखें असतें. हजारों बिंदू झपाट्यानें काढतां येतात. परंतु काढल्यावर कोणती रेघ कशाची, हें फळ्यास ठाऊक नसतें. एसव्हीजी पद्धतींत प्रत्येक रेघ ही स्वतंत्र वस्तु असते व तिजवर बोट ठेवून माहिती विचारणें सोपें जातें. मात्र वस्तूंची संख्या फार वाढली कीं पडदा मंदावतो. चार्ट-जेएस कॅनव्हासवर रेखाटते, डी-थ्रीचें काम बहुधा एसव्हीजींत चालतें, आणि ई-चार्ट्समध्यें दोनहि मार्ग खुले आहेत.

आतां दुसरी गोष्ट. एकेरी मार्गांवर नीलच्या टोकनयंत्राची पद्धत भारतांत पुष्कळ वर्षें चालत आली. लगतच्या दोन स्टेशनांवरील यंत्रें विजेच्या तारेनें जोडलेलीं असत. एका यंत्रांतून धातूचा गोळा बाहेर काढला कीं, तो परत कोणत्या तरी यंत्रांत पडेपर्यंत दुसरा गोळा निघत नसे. आणि गोळा हातीं आल्यावांचून ड्रायव्हर पुढें जात नसे. मार्गाविषयींचें सत्य एकाच ठिकाणीं राहील, ही त्यांतील खुबी.

वेबपानाच्या चालू स्थितीस स्टेट म्हणतात, आणि तिचीहि गरज हीच असते. समजा, पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर या धरणांतून सोडलेलें पाणी दाखविणारें एक पान आहे. वर विसर्गाचा आंकडा, मध्यें आलेख, खालीं इशाऱ्याचा रंग. तिघांनीं आपापली प्रत जवळ बाळगली तर आंकडा वाढेल आणि रंग मात्र हिरवाच राहील. हा रंग पाहूनच नदीकांठचा शेतकरी रात्रीं पाण्याचा पंप उचलावा कीं नाहीं तें ठरवितो.

२०१५ मध्यें डॅन अब्रामॉव्ह व अँड्र्यू क्लार्क यांनीं रिडक्स रचली ती याच अडचणीसाठीं. तिच्यांत कोठार एकच. आंकडा कोणीं परस्पर बदलावयाचा नाहीं. घडलेल्या गोष्टीची वर्दी द्यावयाची आणि ठरीव नियमानें जुन्या स्थितीवरून नवी स्थिति निघावयाची. स्टेशनमास्तरच्या वहीप्रमाणें काय, कोणत्या क्रमानें घडलें याचा माग लागतो; पण लिखाण वाढतें. मोबएक्समध्यें मूळ आंकडा बदलतांच त्याजवर अवलंबून असलेलें सर्व आपोआप बदलतें. लिखाण थोडें, परंतु बदल कोणीं केला हें शोधणें कधीं अवघड होतें. झुस्टांड ही त्याहून आटोपशीर, लहान कोठारापुरती. आणि सर्वांनाच यांची जरुरी असते असेंहि नाहीं, हें खुद्द अब्रामॉव्हनेंच २०१६ मध्यें लिहून ठेवलें आहे.

तेव्हां क्रम असा असावा. एक पान आणि एक आलेख असेल तर चार्ट-जेएस पुरे. वेगळें कोठार नको. अनेक भाग एकाच आंकड्यावर चालत असतील तर कोठार एक करावें, आणि इशाऱ्याचा रंग सांठवून न ठेवतां दर वेळीं विसर्गावरूनच काढावा. अनेकांच्या हातून काम होत असेल व चुकीचा माग काढणें भाग असेल तर रिडक्सची शिस्त पत्करावी. चित्रच अपूर्व असेल तरच डी-थ्रीचे कष्ट घ्यावेत.

एक सावधगिरी मात्र कोणतीहि लायब्ररी आपण होऊन घेत नाहीं. कोठारांतला आंकडा एकच असला तरी तो शिळा असूं शकतो. म्हणून प्रत्येक आंकड्याशेजारीं तो केव्हां घेतला ती वेळ छापलेली असावी. सकाळचा विसर्ग सायंकाळीं नवा म्हणून दिसला, तर उत्तम आलेखानें नदीकांठचा पंप वांचणार नाहीं.