पाठ टेकवून लढणारा मल्ल



१२ नोव्हेंबर १९९३. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात अष्टकोनी जाळीच्या पिंजऱ्यात एक स्पर्धा भरली. मुष्टियोद्धा, सुमो मल्ल, कराटेवाले, लाथांचे बादशहा असे आठजण. वजनगट नव्हते, गुण देणारे पंच नव्हते. चावू नये, डोळ्यांत बोटं घालू नयेत, बंधनं जवळपास एवढीच. त्या आठांत रिओ दि जानेरोचा सव्वीस वर्षांचा रॉयस ग्रेसी होता. अंगात पांढरा गणवेश, वजन जेमतेम ८० किलो. त्याने एका रात्रीत तिघांना शरण आणलं. आज ज्याला मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणतात, त्या खेळाची जगभरची वाटचाल त्या रात्रीपासून सुरू झाली.

आपल्या कुस्तीत पाठ मातीला लागली की निकाल लागतो. रॉयसची लढत मात्र पाठ टेकल्यावर रंगात यायची. मित्सुयो माएदा या जपानी ज्युदोपटूने विसाव्या शतकाच्या आरंभी ब्राझीलला नेलेली जमिनीवर झुंजण्याची ही विद्या ग्रेसी कुटुंबाने उचलली. रॉयसचे वडील एलिओ अंगाने किरकोळ. त्यांनी ताकदीऐवजी तरफेवर, घाईऐवजी धीरावर भर दिला. रॉयसचा भाऊ रोरियन त्या स्पर्धेच्या संस्थापकांपैकी एक. घरात रॉयसपेक्षा बलवान भाऊ होते, तरी सडपातळ रॉयसलाच पुढे केलं. हा जिंकला तर श्रेय विद्येचं ठरणार होतं.

डिसेंबर १९९४मध्ये त्याची गाठ डॅन सेव्हर्नशी पडली. शंभर किलोंहून जड, कसलेला अमेरिकी कुस्तीगीर. त्याने रॉयसला खाली पाडलं आणि वर ठाण मांडलं. पंधरा मिनिटं रॉयस खालीच. बघणाऱ्यांना वाटावं, संपला हा! पण खालून त्याचे पाय सतत काहीतरी शोधत होते. अखेर सेव्हर्नची मान आणि एक हात त्या पायांच्या त्रिकोणात अडकला, आणि त्या धिप्पाड गड्याने हार मानली. मला ही लढत त्याच्या साऱ्या विजयांत श्रेष्ठ वाटते. मार सोसत विचार करत राहणं फार थोड्यांना जमतं.

मग जग शिकलं. कुस्तीगीर आणि मुष्टियोद्धे त्याचेच डाव गिरवू लागले. २००६मध्ये कुस्तीगीर मॅट ह्यूजने त्याला पहिल्याच फेरीत हरवलं. तत्पूर्वी हात पिळवटला जात असतानाही रॉयसने शरणागतीची थाप दिली नव्हती. २००७च्या एका लढतीनंतर तो उत्तेजक चाचणीत दोषी ठरला. त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनीही ही गोष्ट झाकू नये.

तरी त्याचा खरा कस लागला होता तो याआधीच, १ मे २००० रोजी, टोकियो डोममध्ये. समोर जपानी मल्ल काझुशी साकुराबा. वेळेची मर्यादा नको, पंचांचा निकाल नको, ही अट ग्रेसींचीच. पंधरा-पंधरा मिनिटांच्या सहा फेऱ्या झाल्या, पूर्ण दीड तास! साकुराबाला ग्रेसींची विद्या उलगडली होती. त्याने जमिनीवरची पकड टाळली आणि रॉयसच्या पायांवर लाथांचा मारा केला. वृद्ध एलिओ जवळच बसून पाहत होते. सातव्या फेरीसाठी रॉयसला उभं राहणं कठीण झालं, तेव्हा त्याच्या बाजूने टॉवेल आत आला. साकुराबा त्याच रात्री पुढची लढतही लढला.